शब्दाखालचं संगीत

वाचनाखाली संगीत घालणाऱ्याला गोष्ट जवळजवळ पाठ असते, आणि या कामातल्या बहुतेक अडचणी तिथूनच सुरू होतात. रेकॉर्डिंगच्या वेळी मी ती ऐकलेली असते, अडखळलेल्या जागा कापताना पुन्हा ऐकलेली असते, संहिताही शेजारी उघडी असते. त्यामुळे सतारीच्या एखाद्या मींडेखाली शब्द बुडाला, तरी मला तो ऐकू आल्यासारखा वाटतो; कानाला कमी पडलेलं आठवण पुरवते. गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ही सोय नाही. त्याच्या दृष्टीनं तो शब्द वाचलाच गेलेला नसतो.

आम्ही काही जण मराठी कथा-कादंबऱ्या वाचून रेकॉर्ड करतो. ऐकणाऱ्यांत दृष्टिहीन वाचक आहेत, डोळ्यांनी साथ सोडल्यामुळे पुस्तकं मिटून ठेवावी लागलेले आजी-आजोबा आहेत, रोज लोकलनं जाणारी माणसं आहेत. मिक्सिंग माझ्याकडे असतं आणि ते मी ऑडॅसिटीवर करते. डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठात हे सॉफ्टवेअर लिहायला घेतलं आणि २००० साली ते सगळ्यांसाठी खुलं झालं. ते फुकट मिळतं, जुन्या लॅपटॉपवर चालतं, आणि एका आवाजाखाली एक वाद्य ठेवायला जे जे लागतं ते सगळं त्यात आहे.

वाचायला नवीन आलेली मंडळी हमखास म्हणतात, की मागे पंख्याची घरघर आली आहे, पण संगीत आलं की ती झाकली जाईल. ती झाकली जात नाही. झाकण्याइतकं संगीत मोठं केलं तर वाचनही झाकलं जातं, आणि लहान ठेवलं तर घरघर आणि संगीत दोन्ही ऐकू येतात. म्हणून वाचायला बसण्याआधी रिकाम्या खोलीचे काही सेकंद रेकॉर्ड करून घ्यायचे, ऑडॅसिटीला तो नमुना दाखवायचा आणि तेवढीच घरघर हलक्या हातानं काढायची. हात जड झाला की माणसाचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, आणि तसं होण्यापेक्षा थोडी घरघर राहिलेली परवडते.

आवाजाखाली संगीत कसं ठेवावं याबद्दल जे शिकायला मिळतं, ते बहुतेक इंग्रजी बोलणं गृहीत धरून सांगितलेलं असतं. मराठी वाक्याची ठेवण वेगळी आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं आणि नकार बहुतेकदा त्याच्याही मागे. समजा, वाक्य असं आहे: 'तिनं पाटल्या सोनाराकडे नेल्या, मोडल्या मात्र नाहीत.' सगळी गोष्ट त्या 'नाहीत'वर उभी आहे. आणि नेमकं तिथे वाचणाऱ्याचा श्वास संपत आलेला असतो. पडद्यावर या वाक्याची लहर पाहिली तर 'तिनं पाटल्या' जाड दिसतं, 'सोनाराकडे' बरं असतं, आणि 'नाहीत'पर्यंत येता येता लहर मधल्या रेषेला चिकटते. सुरुवातीपेक्षा सहा-आठ डेसिबलनं आवाज खाली आलेला असतो. संगीत मात्र आपल्या जागी तसंच असतं. वाक्याच्या आरंभी जे संगीत अगदी सौम्य वाटलं, तेच शेवटी शब्दाच्या बरोबरीला येतं. ऐकणाऱ्याला ऐकू येतं ते एवढंच, की पाटल्या मोडल्या.

व्यंजनांचंही असंच आहे. ताट, पाट, खाट या तिन्ही शब्दांत 'आ' एकच आणि त्याला ताकद भरपूर. शब्दाला वेगळं करणारं व्यंजन म्हणजे सेकंदाच्या काही शतांश भागाचा एक फटका, आणि त्याची ओळख पटवणारा बराचसा भाग उंच फ्रीक्वेन्सीत असतो. वय वाढलं की कानाचं उंच फ्रीक्वेन्सी ऐकणं आधी मंदावतं. मग आजोबांना आवाज येतो, पण काय म्हटलं ते कळत नाही. अशा वेळी मराठीचं व्याकरण त्यांच्या मदतीला येतं. 'मांडलं' म्हटलं की ते ताट, 'मांडला' म्हटलं की तो पाट, 'मांडली' म्हटलं की ती खाट. सुरुवातीला हुकलेलं व्यंजन क्रियापदाच्या शेवटच्या स्वरावरून परत मिळतं, पण तो स्वर ऐकू आला तर. ज्या जागी आपली भाषा ऐकणाऱ्याला दुसरी संधी देते, त्याच जागी वाचणाऱ्याचा आवाज पडतो आणि संगीत वर येतं.

म्हणून संगीताची फाइल उघडण्यापूर्वी मी वाक्यांचे शेवट उचलून घेते. 'नाहीत' एवढाच तुकडा निवडायचा आणि तीन-चार डेसिबलनं वाढवायचा. दोन टोकांना जोड जाणवणार नाही एवढं पाहायचं. कंप्रेसर हेच काम एका फटक्यात करतो आणि तोही मी हलकासा लावते, पण त्याच्यावर सगळं सोपवलं की शब्दांबरोबर श्वास, ओठांची चटचट, पान उलटल्याची सळसळ हेही वर येतं. ऑडिओबुकं घेणाऱ्या एसीएक्स या मंचाची अट आहे, की वाचनाची सरासरी पातळी उणे २३ ते उणे १८ डेसिबलच्या दरम्यान असावी. तेवढं साधणं सोपं आहे. सरासरीत बसलेल्या प्रकरणातलं प्रत्येक 'नाही' ऐकू येणं हे हातानंच करावं लागतं, आणि या कामातला माझा सगळ्यात जास्त वेळ त्यातच जातो.

संगीत किती खाली ठेवायचं? २००८ साली आलेल्या वेब सुलभतेच्या जागतिक निकषांत याचं स्पष्ट उत्तर आहे: बोलण्यापेक्षा निदान २० डेसिबल खाली. कानाला ते साधारण चौथ्या हिश्शाइतकं भासतं. पहिल्यांदा असं ठेवून ऐकवलं की वाचणारी मंडळी म्हणतात, संगीत लागतच नाहीये. बंद करून दाखवलं की त्यांना कळतं, की लागत होतं. मी २० डेसिबलवर ठाम राहते.

हे आपोआप करून देणारी एक सोय ऑडॅसिटीत आहे, तिचं नाव ऑटो डक. संगीताचा ट्रॅक वर, वाचनाचा त्याच्या लगेच खाली ठेवायचा. बोलणं सुरू झालं की संगीत खाली जातं, थांबलं की वर येतं. निवेदनाला, जाहिरातीला, मुलाखतीच्या सुरुवातीला ते छान चालतं. गोष्टीला चालत नाही. मूळ सेटिंगमध्ये आवाज उणे ३० डेसिबलच्या खाली गेला की बोलणं थांबलं असं ते धरतं, आणि एका सेकंदापेक्षा लांब विराम आला की अर्ध्या सेकंदात संगीत वर आणतं. आता पुन्हा पाटल्यांच्या वाक्याकडे जाऊ. वाचणारीनं 'नाहीत' अगदी हळू म्हटलं, नंतर दीड सेकंद थांबली. सॉफ्टवेअरच्या हिशेबानं बोलणं 'मात्र'पाशीच संपलं. म्हणजे संगीत 'नाहीत'च्या अंगावरूनच चढायला लागतं, मधला विराम भरून टाकतं आणि पुढचं वाक्य यायच्या आत घाईघाईनं खाली उतरतं. वाचणारीनं तो दीड सेकंद मुद्दाम ठेवलेला असतो. ऐकणाऱ्यानं तिथे सोनाराच्या दारातून परत फिरलेली बाई पाहायची असते. त्याऐवजी त्याला सतारीची एक लाट मिळते.

विरामाची मर्यादा वाढवून हे बरंचसं टाळता येतं, तरीही गोष्टीसाठी मी एन्व्हलप टूलच वापरते. संगीताच्या ट्रॅकवर एकेक बिंदू ठेवायचा आणि तो वरखाली ओढायचा. बिंदू कुठे ठेवायचा हे वाक्य सांगतं. प्रसंग बदलताना संगीत हळूहळू वर आणते, चांगले चार-पाच सेकंद घेऊन. परिच्छेदाच्या आतले विराम मोकळे ठेवते. तिथे संगीत जितकं खाली आहे तितकंच राहतं. नवा परिच्छेद सुरू होण्याच्या थोडं आधी ते खाली बसलेलं असावं लागतं, नाहीतर पहिलं व्यंजन हमखास जातं.

पातळी साधली तरी काम संपत नाही. बोलण्याची स्पष्टता मुख्यतः एक हजार ते चार हजार हर्ट्‌झच्या पट्ट्यात असते, म्हणून संगीताचा तेवढाच पट्टा इक्वलायझरनं चार-पाच डेसिबल खाली घेते. मग तेच संगीत फार दाबावं न लागता शब्दांच्या वाटेतून बाजूला होतं. एकटं ऐकलं तर ते मंद, कोंदटलेलं लागतं. वाजवणाऱ्याला ते ऐकवलं तर वाईट वाटेल. पण ऐकणारा ते एकटं कधीच ऐकणार नसतो.

आणि हे सगळं करताना हेडफोनचा आवाज कमी ठेवावा, याचा मला फार आग्रह आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवलं होतं, की आवाज लहान झाला की कानाला खर्जाचा भाग इतर भागापेक्षा जास्त कमी ऐकू येतो. मोठ्या आवाजात मिक्स केलं की खर्जातलं संगीत उबदार लागतं आणि सगळं जुळून आल्यासारखं वाटतं. रात्री उशाशी मोबाइल ठेवून हळू आवाजात ऐकणाऱ्या माणसापर्यंत तो खर्ज पोचत नाही. पोचतो तो मधला भाग, म्हणजे नेमका शब्दांवर बसणारा. मोबाइलचा छोटा स्पीकर तर खर्ज जवळजवळ टाकूनच देतो. शिवाय बऱ्याच मोबाइलवर डावं-उजवं एकत्र होतं, म्हणून संगीत दोन बाजूंना पसरवून मध्ये आवाजाला जागा करण्याची युक्ती मी वापरत नाही.

वाद्य कोणतं, यावर माझी मतं पक्की झाली आहेत. सारंगी मला अतिशय प्रिय आहे आणि ती मी वाचनाखाली कधीच ठेवत नाही. ती माणसाच्या गळ्याच्या इतकी जवळ जाते, की ऐकणाऱ्याला दोन माणसं एकदम बोलत आहेत असं वाटतं. बासरीचे स्वर बाईच्या आवाजाला येऊन भिडतात. संतूरच्या प्रत्येक आघातानं कान तिकडे वळतो. तानपुरा तर गळ्याखाली ठेवण्यासाठीच घडवलेला, म्हणून तो सगळ्यांना आधी सुचतो. पण त्याची जवारी लागली की वरचे स्वर झळाळून उठतात आणि ती झळाळी व्यंजनांच्याच पट्ट्यात येते. गाण्यात स्वर लांबतो, शब्दाला वेळ मिळतो. वाचनात शब्द एकदाच येऊन जातो. तानपुरा घ्यायचाच तर वरचा भाग फिल्टरनं काढून फक्त खर्जाची तार उरू द्यावी, आणि त्याचा षड्ज वाचणाऱ्याच्या आवाजाला खेटून पण बेसूर येत नाही ना, ते पाहावं. आमच्यासाठी एक सतारवादक मैत्रीण मंद्र सप्तकात अगदी मोजके स्वर वाजवून देते. मी तिला आणखी कमी वाजवायला सांगते आणि ती ऐकते, हे तिचं मोठेपण.

ओळखीची चाल मात्र कुठल्याही वाद्यावर नको. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं, त्या चाली मराठी घरांत अजून आहेत. त्यातली एखादी चाल, नुसती, शब्दांशिवाय, वाचनाखाली ठेवून पाहा. ऐकणाऱ्याच्या मनात माडगूळकरांचे शब्द सुरू होतात आणि समोरच्या लेखकाचे मागे पडतात.

गोष्टीत मृत्यू आला की संगीत हवंच, असा वाचणाऱ्यांचाही आग्रह असतो. राष्ट्रीय दुखवट्यात आकाशवाणीवर सारंगी लागायची, त्यामुळे दुःख म्हटलं की तार छेडायची हे आपल्या कानांत बसलं आहे. मी अशा जागी संगीत पूर्ण काढते, आणि तेही प्रसंगाच्या बरंच आधी, म्हणजे थांबल्याचं जाणवत नाही. लेखकानं तिथे साधी वाक्यं लिहिलेली असतात, वाचणाऱ्यानं ती आवाज न हलवता वाचलेली असतात. त्यावर मी काही घालावं असं उरलेलं नसतं. प्रवास, पाऊस, लग्नघराची धावपळ, वर्षं उलटून गेल्याचं सांगणारा परिच्छेद, इथे संगीत खरोखर काम करतं. दोन माणसांच्या संवादाखाली ते मला कधीच पटलेलं नाही.

शेवटी ती गोष्ट न वाचलेल्या माणसाला प्रकरण ऐकवते, मोबाइलच्या स्पीकरवर, शेजारच्या खोलीत नळ चालू असला तरी चालेल. 'कसं वाटलं' असं विचारत नाही. 'छान' एवढंच उत्तर येतं. नावं विचारते. गाडी नेरळला थांबली की नेरूळला? चुलत्याचं नाव काय होतं? बाकीचा शब्द संदर्भानं भरून काढता येतो, नाव येत नाही. नाव चुकलं की त्या जागी जाऊन बिंदू खाली ओढायचा.

आमच्या दृष्टिहीन ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण दीडपट-दुप्पट वेगानं ऐकतात. त्यांचे कान त्याला सरावलेले आहेत. त्या वेगात वाचन नीट समजतं, सतार मात्र धावत सुटते. त्यांनीच सांगितलं, की आम्हाला संगीताशिवाय द्या. सुलभतेच्या त्याच निकषांत २० डेसिबलला पर्याय दिलेला आहे: ऐकणाऱ्याला मागचा आवाज बंद करता यावा. ऑडॅसिटीत त्याला फारसं काही लागत नाही. संगीताचा ट्रॅक म्यूट करायचा आणि पुन्हा एक्स्पोर्ट करायचं. आता प्रत्येक प्रकरणाच्या दोन फाइली जातात, एक संगीतासह आणि एक फक्त वाचनाची. यादीत फक्त वाचनाची फाइल मी वर ठेवते.