सेनापती कापशी, एक हाफ

'कापशी' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? चप्पल. बरोबर? ऑफिसच्या ट्रॅडिशनल डेला कुर्त्याखाली घालायची आणि संध्याकाळपर्यंत अंगठा सोलवटून घ्यायची ती. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडाची मॉडेल्स थेट कोल्हापुरीसारख्याच चपला घालून चालली आणि कोल्हापूरचं नाव कुणी घेतलं नाही, तेव्हा आमच्या ग्रुपवर दोन दिवस नुसता गदारोळ होता. "तुझ्या गावची ना ही?" हे मला किती जणांनी विचारलं असेल, सांगता येत नाही.

मला मात्र कापशी म्हटलं की एसटी आठवते.

आबा कंडक्टर होते. त्यांची ड्यूटी बरीच वर्षं कापशीच्या गाडीवर. कागल तालुक्यातल्या या गावाचं पूर्ण नाव 'सेनापती कापशी'. गाडीच्या बोर्डावरही तेच. उन्हाळ्याच्या सुट्टीत आबा कधीतरी मला बरोबर न्यायचे. मी सहा-सात वर्षांचा. बोर्ड वाचला आणि विचारलं, "आबा, सेनापती कुठं बसलाय?"

आबा एकदम गंभीर. "पुढं, ड्रायव्हरशेजारी. तिकीट काढलं नाही त्यानं."

माझं तिकीट मात्र निघायचं. आबा पंच टिकटिकवत माझ्यापुढं उभे राहायचे, "सेनापती कापशी, एक हाफ" असं मोठ्यांदा म्हणायचे आणि पैसे स्वतःच्या खिशातून काढून बॅगेत टाकायचे. मुलाला फुकट नेलं असं कुणी म्हणायला नको! ती तिकिटं मी कितीतरी वर्षं कंपासपेटीत ठेवली होती.

हा सेनापती म्हणजे संताजी घोरपडे. कापशीची जहागीर त्याच्या वंशजांची. (आबा त्याला 'तो'च म्हणायचे, घरातल्या माणसासारखं. मीही तसंच लिहितोय, रागावू नका.) मुरगूडपर्यंत गाडीत पाय ठेवायला जागा नसायची. पुढं गर्दी ओसरली की आबा माझ्याशेजारी टेकायचे आणि गोष्ट सुरू व्हायची. त्यांची आवडती जागा ठरलेली. औरंगजेबाच्या छावणीत रात्री घुसून तंबूचे सोन्याचे कळस कापून आणले ती. बखरीतली गोष्ट आहे, पण आबा सांगताना असं वाटायचं की ते त्या रात्री तिकिटं फाडायला तिथंच होते.

मोठा झालो, इंजिनिअरिंग केलं, पुण्यात नोकरी लागली. 2019 च्या मे महिन्यात 'गेम ऑफ थ्रोन्स' संपलं. आठवतंय? आमच्या कॅन्टीनमध्ये आठवडाभर दुसरा विषय नव्हता. कोणाचा बाप कुणी मारला, कुठला सरदार कुणाकडून फुटला. मी मध्येच म्हणालो, "लेको, आमच्या कापशीच्या सेनापतीवर काढा की एक सीझन." सगळे हसले. एकानं विचारलं, "म्हणजे चप्पलवाल्यांचा?"

मग मी त्यांना कळस सोडून बाकीची गोष्ट सांगितली. तशी अख्खी ती मीही नंतरच वाचली होती.

1689 चा फेब्रुवारी. मुकर्रबखान कोल्हापूरच्या बाजूनं घाट उतरून अचानक संगमेश्वरावर धडकला. संभाजी महाराज पकडले गेले. त्या झटापटीत संताजीचे वडील म्हाळोजी घोरपडे पडले. आपल्या पुस्तकात ते एका वाक्यात पडतात आणि पुढच्या वाक्यात संताजी घोड्यावर असतो. मार्चमध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली. राजाराम महाराज पार तमिळ मुलखात जिंजीला गेले. म्हणजे हेड ऑफिस जिंजीला, लढाई इथं महाराष्ट्रात आणि मधल्या सगळ्या मुलखात औरंगजेबाचं लष्कर. आपल्याला बंगळूरहून एका मेलचं उत्तर यायला दोन दिवस लागले तर आपण वैतागतो!

पुढची सात-आठ वर्षं या माणसानं जे केलं, त्याला तोड नाही. 1691 च्या सुमारास सेनापती झाला. 1692 मध्ये कांचीचा फौजदार अलीमर्दानखान पकडला. 1695 च्या नोव्हेंबरात कासिमखानाच्या मोठ्या फौजेला आज कर्नाटकात असलेल्या दोड्डेरीच्या छोट्याशा गढीत कोंडून उपाशी पाडलं. कासिमखान आतच मेला, उरलेल्यांनी वीस लाखांची खंडणी कबूल करून जीव सोडवला. दोन महिन्यांत हिंमतखान गेला. खाफीखान हा मुघलांच्या बाजूचा इतिहासकार, पण त्यालाही लिहावं लागलं की संताजीसमोर जो गेला तो मेला तरी, जखमी झाला तरी, नाहीतर कैद तरी झाला.

रणांगणावर सगळं सोपं. दरबारात मात्र त्याचं जमेना. तो फटकळ होता, शिस्तीला भयंकर कडक होता, हाताखालच्या सरदारांना त्याचा धाक होता आणि रागही. दुसरीकडं धनाजी जाधव. तोही तेवढाच शूर, पण माणसं सांभाळून असणारा. दोघं एकत्र लढलेले, आणि नंतर महाराजांसमोर एकमेकांविरुद्ध उभे. 1696 मध्ये तर प्रत्यक्ष लढाई झाली. संताजी एका बाजूला, राजाराम महाराज आणि धनाजी दुसऱ्या बाजूला. संताजी जिंकला. महाराज त्याच्या हाती लागले, तर दुसऱ्या दिवशी हा त्यांच्यासमोर हात बांधून उभा. मी चाकर तो चाकरच, म्हणाला.

"प्युअर ऑफिस पॉलिटिक्स," माझा मित्र म्हणाला. आम्ही दोघं एकाच दिवशी जॉइन झालेलो. आपल्यातला संताजी कोण आणि धनाजी कोण यावर आम्ही बराच वेळ खिदळलो. मीच संताजी व्हायचं ठरलं, कारण मी मेल तिखट लिहायचो.

त्यानंतर तीन महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, आबा गेले.

2019 चा महापूर तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. मी तो किणी टोलनाक्याजवळ एका ट्रकच्या मागं उभा राहून पाहिला. पहाटे आईचा फोन आला, छातीत दुखतंय म्हणतायत. अर्ध्या तासात मी पुण्यातून निघालो. शिरोलीजवळ हायवेवर पंचगंगेचं पाणी आलेलं, रस्ता बंद. घर तिथून अर्ध्या तासावर. तीस मिनिटं! मी दोन रात्री त्या रांगेत काढल्या. पहिल्या दिवशी दुपारी आबा गेले. घाट पाण्याखाली, नातेवाईक जिथल्या तिथं अडकलेले. शेवटी आबांच्या गाडीवरचे ड्रायव्हर काका गुडघाभर पाण्यातून घरी आले आणि त्यांनी अग्नी दिला. त्यांची जात वेगळी, आडनाव वेगळं. कुणीही चकार शब्द काढला नाही. काकांनी फोनवर मला एवढंच सांगितलं, "तू घाई करू नकोस. मी आहे इथं."

(इचलकरंजीच्या जहागीरदारांचं आडनाव घोरपडे का, माहीत आहे? मूळचे ते जोशी. नारो महादेव नावाचा ब्राह्मण मुलगा संताजीच्या पदरी वाढला आणि त्यानं धन्याचं आडनावच घेतलं. संताजीनंतर त्याच्या घरच्यांमागं उभा राहिला तो हाच. ड्रायव्हर काकांनी आमचं आडनाव घेतलेलं नाही, पण दर दिवाळीला आईकडं पहिला फराळ त्यांचा जातो.)

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात होतो. सगळे म्हणाले, किती स्ट्राँग आहेस. मलाही ते आवडलं. शनिवार-रविवार काम, रात्री काम. कोल्हापूरला जायचं टाळायचो, कारण दारात आबांच्या चपला तशाच होत्या. कापशीच, अर्थात. नऊ नंबर. आईनं त्या उचलल्या नव्हत्या.

2021 मध्ये मी टीम लीड झालो. खरं तर सगळ्यांना वाटत होतं, मित्र होणार. त्यानंतर आमचा चहा एकत्र व्हायचा थांबला. 2022 मध्ये एक मोठं रिलीज होतं. क्लायंटच्या ऑफिसात बसूनच करायचं काम, लॅपटॉप घेऊन गावाला जा म्हणायची सोय नाही. टीममध्ये बार्शीचा एक मुलगा होता, पहिलीच नोकरी. बुधवारी माझ्या टेबलापाशी आला. "सर, आजी सिरीयस आहे. दोन दिवस जाऊन येऊ?" आजीनंच त्याला वाढवलेलं, हे मला माहीत होतं. मी स्क्रीनवरून नजर न काढता म्हणालो, "शुक्रवारी रिलीज आहे. शुक्रवारी रात्री जा."

मित्र पलीकडून म्हणाला, "जाऊ दे रे त्याला. मी बघतो त्याचं काम."

मला वाटलं, हा माझ्या टीमसमोर चांगला होतोय. दरबार भरवतोय. म्हणून मी आणखी मोठ्यांदा म्हणालो, "शुक्रवार म्हणजे शुक्रवार."

गुरुवारी रात्री आजी गेली. तो शुक्रवारी पहाटे न सांगता निघून गेला. पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. महिन्याभरात त्यानं राजीनामा दिला. मीही वर्षभरात ती कंपनी सोडली. माझ्याविरुद्ध कोण काय बोललं, कुणी कुणाला मेल टाकली, याच्या रसभरीत कथा मी खूप दिवस सांगत फिरत होतो. ऐकणारे म्हणायचे, तुझं राजकारण झालं रे.

मागच्या पावसाळ्यात आईकडं होतो, कपाटात आबांचं संताजीवरचं एक जुनं पुस्तक सापडलं. शेवटचा भाग परत वाचला आणि एका नावाशी थांबलो. अमृतराव निंबाळकर.

1696 च्या त्याच लढाईत, जी मी कॅन्टीनमध्ये एवढी रंगवून सांगितली होती, हा अमृतराव धनाजीच्या बाजूनं लढताना पकडला गेला. संताजीनं त्याला हत्तीच्या पायाखाली दिलं. हे मी कॅन्टीनमध्ये सांगितलंच नव्हतं. आबांनीही मला कधी सांगितलं नव्हतं, गाडीत लहान मुलाला काय सांगणार म्हणा. या अमृतरावाची बहीण म्हसवडच्या नागोजी मान्याला दिलेली होती. 1697 च्या जूनमध्ये, फौज फुटून गेल्यावर, संताजी शंभू महादेवाच्या डोंगरात एका ओढ्यावर आंघोळ करत होता. जवळपास एकटाच, दमलेला. नागोजी आला आणि त्यानं त्याचं डोकं कापलं. तोबऱ्यात घालून नेलं. ते शेवटी औरंगजेबाकडं पोचलं.

आम्ही सगळे दरबाराचीच गोष्ट सांगतो. महाराजांचे कान कुणी भरले, धनाजी कसा वागला. सगळं खरंच आहे ते. पण ओढ्यावर जो आला तो दरबाराचं काही काम घेऊन आला नव्हता. त्याच्या घरातलं माणूस गेलं होतं. आणि संगमेश्वरात बाप गमावलेल्या माणसाला हे सांगायला लागू नये, असं मला त्या रात्री वाटत राहिलं. मग बार्शीचा मुलगा आठवला. किणी टोलनाका आठवला. झोप नाही आली.

शनिवारी सकाळी आबांच्या चपला पायात घातल्या. मला आठ लागतो, त्या नऊ, सारखा पाय पुढं घसरत होता. सीबीएसला जाऊन कापशीची एसटी पकडली. मुरगूडनंतर गाडी रिकामी झाली. चिकोत्रेचं खोरं हिरवंगार. कापशीत उतरून स्टँडसमोर चहा घेतला. हॉटेलवाल्यानं पायांकडं बघून विचारलं, "जुनी दिसत्या चप्पल. तळ बदलून घ्या की." मी म्हटलं, राहू दे.

मग तिथंच बाकावर बसून त्या मुलाला फोन लावला. चौथ्या रिंगला उचलला.

"बोला सर."

मी म्हणालो, सर नको म्हणूस. मग काय म्हणायचं ते त्यालाही कळेना, मलाही. मी बुधवारचं सगळं सांगितलं, जसं घडलं तसं. माझे वडील गेले तेव्हा मी कुठं अडकलो होतो, तेही सांगणार होतो, पण ते सबबीसारखं वाटायला लागलं म्हणून गिळलं. माझं चुकलं, एवढंच म्हणालो.

तो बराच वेळ गप्प होता. मागं गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते.

"सर, मला वाटलेलं तुम्हाला आठवतही नसेल," तो म्हणाला. मग म्हणाला, "तिनं दोनदा विचारलं होतं, मी कुठवर आलोय म्हणून."

मी काही बोललो नाही.

"ठेवतो सर. ऑफिसला पोचलो." आणि ठेवताना, "तुमची आई बरी आहे ना?"

बरी आहे, म्हणालो. तेवढ्यात परतीची गाडी लागली. चढलो, कंडक्टरच्या मागच्या सीटवर बसलो. तरुण पोरगा होता, हातात तिकिटाचं मशीन. "कुठं, भाऊ?"

"कोल्हापूर. एक फुल."

मशीनमधून कागद सर्रकन बाहेर आला. त्यानं दोरी ओढून डबल बेल दिली.