कुणाचं किती ऐकायचं

हवामानाचं मॉडेल चालवायचं तर त्याला आधी आत्ताची हवा सांगावी लागते: वारा, तापमान, दाब, बाष्प, मॉडेलच्या जाळीतल्या प्रत्येक चौकटीत, जमिनीपासून पार वरपर्यंत. एवढी निरीक्षणं जगात कुणाकडेच नाहीत. अरबी समुद्रावर बोया आणि जहाजं विरळ, सगळी भिस्त उपग्रहावर. आणि उपग्रहही तापमान नव्हे, खालून येणारं प्रारण मोजतो. म्हणून सहा तासांपूर्वी मॉडेलनेच केलेला अंदाज पायाला घ्यायचा आणि निरीक्षणांनी तो दुरुस्त करायचा. हेच आमचं डेटा असिमिलेशन.

किती दुरुस्त करायचा, यात सगळा जीव आहे. समजा, मॉडेल २८ अंश म्हणतंय, त्याची चूक साधारण एका अंशाची. केंद्रावरून आले ३०, त्यांची चूक दोन अंशांची. वजनं चुकांच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे चारास एक, उत्तर २८.४. दोघांच्या चुका एकमेकींवर अवलंबून नसतील, तर या उत्तरातली अपेक्षित चूक दोघांपेक्षाही कमी! मला हे आजही विलक्षण सुंदर वाटतं.

पण चांगल्या तापमापकाच्या नावावर दोन अंशांची चूक का लावायची? कारण तो एका जागेपुरतं बोलतो आणि मॉडेलची चौकट कित्येक किलोमीटरांची असते. पावसात तर हे फारच जाणवतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला ७३. दोन्ही आकडे खरे. मग मुंबईचा पाऊस कोणता?

मॉडेलपासून फार लांब गेलेलं निरीक्षण यंत्रणा बाजूला काढते. ते हवंच, जहाजाची जागा चुकीची नोंदली जाते, दाबमापक हळूहळू भरकटतो. पण झपाट्याने तीव्र होणाऱ्या चक्रीवादळाजवळून जहाजाने कळवलेला दाबही असाच अशक्य वाटतो. बिघडलेलं निरीक्षण आणि सगळ्यांत मोलाचं निरीक्षण पहिल्या नजरेला सारखीच दिसतात. म्हणून नाकारलेल्यांची यादी मी आधी उघडतो. त्याच जहाजाचे आधीचे आकडे बघतो: दाब सलग उतरत आलाय का, वारा त्याला साजेसा वळलाय का? दोन्ही जुळलं, तर मी जहाजाच्या बाजूने उभा राहतो.

आता एन्सेम्बलची मोठी मदत होते. किंचित वेगळ्या सुरुवातीपासून मॉडेल अनेकदा चालवायचं. शांत हवेत त्या धावा एकमेकींना धरून राहतात. वादळ उभं राहत असेल तिथे फाकतात, आणि तेवढ्या भागात मॉडेलचं वजन आपोआप घटतं. दाब आणि वारा तिथे एकमेकांबरोबर कसे बदलतात, हेही त्याच धावांतून कळतं. मग जहाजाचा तो एक दाब भोवतालचा वारासुद्धा दुरुस्त करतो.