उतरायला शेत

कॉलेजच्या दिवसांत हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर मी शिकाऊ म्हणून जात असे. विंचच्या पोलादी दोरानं ग्लायडर तीव्र कोनात वर चढतं. दोर मध्येच तुटला, तर आधी नाक खाली, मग वेग, मग विचार. वर गेलो की सर मागच्या सीटवरून विचारत, “आत्ता उतरायचं झालं तर शेत कुठलं?”

शेत शोधायची ती सवय लागली ती लागलीच. पुढे एसटीच्या खिडकीतून, दिवेघाट चढतानाही नजर रानांवरच. उसाचा फड वरून सपाट हिरवा दिसतो, पण तो डोक्याहून उंच. चाकं शेंड्यांत अडकली की विमान नाकावर जातं. पावसाळ्यात काळी माती चाकं धरते. नांगरट असेल तर सरीच्या दिशेनं उतरायचं. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात. दोन खांब दिसले की मध्ये तार आहेच असं धरायचं.

२५ जुलै २०२२ ला बारामतीहून निघालेलं सेसना १५२ इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात आदळलं. इंजिनची ताकद गेल्याचं सांगितलं गेलं. आत २२ वर्षांची शिकाऊ वैमानिक एकटी होती. ती किरकोळ दुखापतीवर वाचली. ती बातमी मी पुन्हा पुन्हा वाचली. वारा नसेल तर असं विमान इंजिनाविना तीन हजार फुटांवरून साधारण आठ किलोमीटर जातं. तेवढ्यात शेत ठरवायचं!

कारखान्यात बनलेल्या विमानाची ही गत, म्हणूनच घरी बांधलेल्या विमानांची मला जास्त काळजी वाटते. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत, चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचं विमान बांधलं. २०१६ मध्ये ते ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात होतं, २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली. ही जिद्द मला फार मोठी वाटते. पण अशा कुठल्याही विमानाचे पहिले तास सर्वांत जोखमीचे. अनेकदा इंजिन धडधाकट असतं आणि घात इंधनाच्या वाटेत होतो: टाकीचं हवेचं छिद्र बुजतं, उन्हात नळीत वाफ धरते, गाळणीत सीलंटचा कण अडकतो. उड्डाण होताच इंजिन थांबलं, की धावपट्टीकडे परत वळायचा मोह होतो. कमी उंचीवरच्या त्या वळणानं अनेकांचे जीव घेतले आहेत. समोर जे रान असेल, तिथंच उतरायचं.

१९८३ मध्ये कॅनडात इंधन संपलेलं बोइंग ७६७ गिम्लीला सुखरूप उतरवणारे रॉबर्ट पिअर्सन ग्लायडर उडवत असत. मला त्यात नवल वाटत नाही.

हडपसरभोवती आता शेतंच कमी. मगरपट्ट्यात ऊस होता, तिथं इमारती आहेत. ग्लायडिंगचं ते मैदान तरी शाबूत ठेवायला हवं. आणि ज्याला घरी विमान बांधायचंय, त्यानं पहिला रिव्हेट मारण्याआधी ग्लायडरमध्ये बसून दोर सोडून उतरायला शिकावं.