वादळानंतरची खाडी

वर्षावास सुरू होऊन आठ दिवस झाले होते. दोन दिवस वादळी पावसाने ठाण्याला झोडपून काढले. तिसऱ्या दिवशी उघडीप मिळाली, त्यात रविवार. वर्तकनगरात सकाळची वंदना आटोपून आम्ही, आमचे शेजारी व दोघांची मुले गळ घेऊन निघालो. नाक्यावरून रिक्षाने माजिवडा व पुढे कोलशेतची खाडी.

ही खाडी म्हणजे उल्हास नदीचेच शेवटचे अंग. राजमाचीच्या डोंगरातून निघालेली ही नदी कर्जत, बदलापूर, कल्याण करीत ठाण्याजवळ येते व वसईच्या खाडीने समुद्राला मिळते. भरतीचे पाणी कल्याणपर्यंत चढते, म्हणूनच कल्याण प्राचीन काळी बंदर होते. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या उपासकांच्या दानाची नोंद आहे. आपल्या धम्माचा इतिहास या पाण्यालाही ठाऊक आहे!

काठावर तिवरांच्या मुळांत प्लॅस्टिकच्या पिशव्या लटकल्या होत्या. पाणी गढूळ. एक वृद्ध कोळीबाबा फेकजाळे घेऊन उभे होते. मुलांनी लगेच गळ टाकले, तसे ते हसले.

"पोरांनो, पुराचं गोडं पाणी हलकं, ते वर तरंगतं. खारं खाली. मासा खाली नाहीतर तिवरांच्या आडोशाला असतो. भरती लागू द्या."

अष्टमीची भांग होती, त्यामुळे पाण्याला उधाणाची ओढ नव्हती. भरती लागली तसे आम्ही काठालगत गळ सोडले. कोळंबीचे आमिष होते. दोन शिंगाळे व एक बोय मिळाली. शिंगाळ्याचा काटा विषारी, म्हणून तो बाबांनीच मोडून दिला.

तेवढ्यात आमच्या धाकट्याने विचारले, "बाबा, सकाळी आपण प्राणिहत्या करणार नाही म्हणालो ना?"

आम्ही गप्प झालो. या प्रश्नाला टाळाटाळ चालत नाही. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गरजेपोटी मारणे व मारण्याच्या इच्छेने मारणे यांत फरक केला आहे, हे आम्ही त्याला सांगितले. लगेच त्याचा पुढचा प्रश्न आला, "मग आपल्याला गरज आहे का?" कोळीबाबांचे घर या जाळ्यावर चालते. आम्ही मात्र पगारदार माणसे, करमणुकीसाठी आलेलो.

इतक्यात बाबांच्या जाळ्यात एक चिलापी आली. तिच्या तोंडातून बारीक पिले बाहेर पडली. चिलापीची मादी अंडी व पिले तोंडात सांभाळते. बाबांनी काही न बोलता पिलांसकट तिला पाण्यात सोडले.

भगवान बुद्धांनी भिक्खूंना पावसाळ्यात एका जागी राहण्याचा नियम घालून दिला, कारण त्यांच्या पायांखाली कोवळे गवत व लहान जीव तुडवले जातात अशी लोकांची तक्रार होती. शासनही १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद ठेवते. हा माशांच्या विणीचा काळ. अडीच हजार वर्षांपूर्वीची करुणा व आजचा कायदा एकाच ऋतूत येऊन भेटतात!

आम्ही गळ गुंडाळले. मिळालेली मासळी बाबांना दिली. मग मुलांनी आपणहून तिवरांतल्या पिशव्या काढायला सुरुवात केली. दोन गोणी भरल्या. कारखान्यांचे सांडपाणी मात्र गोणीत भरता येत नाही, त्यासाठी संघटितच व्हावे लागेल.

वर्षावास संपेपर्यंत आमच्या घरी गळ खुंटीला. हा ठराव धाकट्याने मांडला व एकमताने मंजूर झाला. जय भीम!