वीस वर्षांनी या

बोर्दो शहर मागे टाकून गाडी उत्तरेला लागली, की उजव्या हाताला जिरोंद खाडीचं मातकट पाणी अधूनमधून दिसत राहतं आणि बाकी सगळीकडे द्राक्षवेली. पण वेली तरी कशा! नाशिक-तासगावचे मांडव पाहिलेल्या माणसाला त्या खुरटलेल्याच वाटाव्यात. जेमतेम कमरेपर्यंत येणारी झाडं, एकमेकांना खेटून उभी. हेक्टरी दहा हजारांपर्यंत. त्यांच्या पायाशी माती शोधावी लागते. जिकडे तिकडे गोटे, हिमयुगाच्या काळात नद्यांनी डोंगरांतून घरंगळत आणून टाकलेले. आपल्याकडे असल्या रानात कुणी हुलगेसुद्धा टाकणार नाही, आणि इथे एका एकराची किंमत ऐकून मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

हा मेदोकचा पट्टा आणि त्यातलं पोयाक हे गाव. पाऊस पडला की गोट्यांमधून पाणी सरसर निघून जातं. ठिबक नाही, फळ धरलेल्या वेलीला पाणी द्यायला इथले नियम सहसा परवानगीच देत नाहीत. तहान लागली तर मुळांनी खोल जावं. घड लहान, मणी वाटाण्याएवढे, साल जाड, आत बिया. एक मणी तोंडात टाकला. आधी गोडी आली, आणि मागून सालीच्या तुरटपणाने जीभ धरून ठेवली. खायचं द्राक्ष नव्हेच हे. याचं नाव काबर्ने सोव्हिन्यों, आणि तो तुरटपणा हेच याचं भांडवल.

ते कळलं पिंपांच्या कोठारात. ओकच्या लाकडाची, २२५ लिटरची पिंपं ओळीने मांडलेली. कोठाराची देखभाल करणाऱ्या गृहस्थांनी काचेच्या नळीने एका पिंपातून वाइन ओढली आणि माझ्या पेल्यात सोडली. रंग जवळजवळ काळा, कडेला जांभळी झाक. वास सुरेख, पण घोट घेतला आणि हिरडा चघळल्यासारखे गाल आतून आवळले. मी शक्य तितक्या सभ्यपणे विचारलं, "ही चांगली आहे का हो?"

"फार चांगली," ते म्हणाले. "वीस वर्षांनी या."

गंमत म्हणून म्हणाले असतील असं वाटलं होतं. नव्हतं. सालीतून आणि बियांतून उतरलेली तुरट द्रव्यं, म्हणजे टॅनिन, आणि सालीचा रंग हे दोन्ही बाटलीत पडल्या पडल्या वर्षानुवर्षं एकमेकांत गुंफत जातात. तुरटपणाची धार बोथट होते. शेवटी त्यातला काही भाग गाळ होऊन तळाला बसतो, आणि वरची वाइन जांभळ्याची लाल, लालाची विटकरी होत जाते. ताज्या फळाचा वास ओसरतो. त्या जागी देवदाराचं लाकूड, तंबाखू, ओली पानं असले वास येऊ लागतात. बुचातून हवेचा अगदी लेशमात्र शिरकाव होतो, तेवढाच पुरतो. म्हणून बाटली आडवी ठेवायची, बूच ओलं राहिलं पाहिजे. अंधार हवा आणि बारा-तेरा अंश थंडावा. ऊन लागलं की सगळा खेळ खलास.

पिंपात असेपर्यंत वाइनची बडदास्त तर विचारूच नका. दीड-दोन वर्षं मुक्काम. लाकडातून जेवढी उडून जाते तेवढी पुन्हा भरायची, दर तीन महिन्यांनी गाळावरून अलगद दुसऱ्या पिंपात काढायची, तीही मेणबत्तीच्या उजेडात, गढूळ धार दिसली की थांबायचं. मग एका पिंपाला पाच-सहा अंड्यांचा पांढरा बलक फेटून घालतात. तो जादा तुरटपणा धरून खाली बसतो. उरलेल्या पिवळ्या बलकाचं काय करायचं, म्हणून बोर्दोत कानले नावाचा केक जन्माला आला, असं सांगतात. खरं-खोटं ते जाणोत, केक मात्र झकास.

मोठ्या नावांबद्दल थोडक्यात. १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी इथल्या वाइनची प्रतवारी लागली, तीही बाजारभाव बघून दलालांनी लावलेली. पहिल्या पंक्तीत चार मळे: लाफित, मार्गो, ओ-ब्रियों आणि लातूर (आपल्या लातूरशी काही संबंध नाही). मूतों नावाचा मळा बाहेर राहिला तो १९७३ पर्यंत. त्या साली कृषिमंत्री असलेल्या जॅक शिराक यांच्या सहीने तो वर चढला. मूतों दरवर्षी एका कलावंताकडून बाटलीसाठी चित्र करून घेतो. २००९ चं चित्र आपल्या मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूरचं आहे.

पण मी भारावून गेलो ते शेजारच्या सँ-ज्युलियँ गावच्या रस्त्यावर. द्राक्षबागाईतदाराला 'बोर्डो मिश्रण' सांगावं लागत नाही; मोरचूद आणि चुना, वेलींच्या डाऊनी रोगावर मारतात. ते बोर्डो हेच! इथले शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर ते निळसर पाणी शिंपडत, रोगासाठी नव्हे, तर येणाऱ्याजाणाऱ्याने घड तोडू नयेत म्हणून. विष मारलंय असं दिसलं पाहिजे, एवढाच हेतू. १८८२ च्या हंगामअखेरीस बोर्दो विद्यापीठातले प्राध्यापक मिलार्दे इथून जात असताना त्यांच्या लक्षात आलं, की बागेची पानं डाऊनीने झडून गेलीत, पण रस्त्यालगतच्या ओळी हिरव्यागार आहेत. तीन वर्षांत त्यांनी मिश्रणाचं प्रमाण ठरवून प्रसिद्ध केलं. चोरांच्या भीतीने शिंपडलेलं पाणी, आणि त्यावर आज आपल्याकडच्या बागा उभ्या!

आता एक खरं सांगितलं पाहिजे. जुनी ती चांगली, हे सरसकट धरून चालू नये. जगातली बहुतेक वाइन वर्ष-दोन वर्षांत पिऊन टाकायचीच असते. ठेवली तर नुसती मरते. टिकणारीलाही चढ आणि उतार आहेच. १९६१ सारखं साल, फुलोऱ्यात पीक झडलं आणि जे उरलं ते इतकं कसदार निघालं की अजून नाव निघतं, असं साल रोज येत नाही. तरी बोर्दोची पद्धत अशी, की वाइन पिंपात असतानाच, पुढच्या वसंतात तिचा सौदा होतो. थांबायचं ते गिऱ्हाइकाने. लातूरने २०१२ मध्ये हा प्रकार बंद केला. बाटली तयार झाली असं आम्हाला वाटेल तेव्हाच विकू म्हणाले. मला हे पटलं.

थांबण्याचं वेड कुठवर जातं? १७८७ ची म्हणून सांगितलेली लाफितची एक बाटली १९८५ साली लंडनच्या लिलावात एक लाख पाच हजार पौंडांना गेली. फोर्ब्स घराण्याने घेतली आणि काचेत दिव्याखाली मांडली. दिव्याच्या उष्णतेने बूच आटलं आणि घसरून आत पडलं. पुढे ती बाटली अस्सल का बनावट, यावरच वाद माजला.

जेवणाच्या टेबलावर आमच्या वाट्याला आली ती १९८२ ची. आदल्या दिवसापासून उभी करून ठेवलेली, गाळ खाली बसावा म्हणून. यजमानांनी बाटलीच्या मानेमागे मेणबत्ती धरली आणि सुरईत संथ धार ओतली. काळसर रेघ मानेपर्यंत आल्याबरोबर हात थांबला. रंग कडेला विटकरी. नाक खाली नेलं तर पेन्सिलीला टोक काढताना येतो तो वास, त्यामागून सुकलेलं काळं मनुकं, आणि कुठेतरी खूप आत ओली जमीन. घोट घेतला आणि गालांना काहीच झालं नाही. हिरडा कुठे गेला? नुसता रेशमाचा पट्टा राहिला होता, गिळल्यावरही बराच वेळ जिभेवर.

"आता गप्पा नकोत, प्या," यजमान म्हणाले. इतकी जुनी झाली की तिला उघड्यावर फार वेळ निभत नाही, अर्ध्या-पाऊण तासात ती उतरायला लागते. पोयाकचं कोकराचं मटण पानात तसंच राहिलं आणि आम्ही सगळे एका सुरईभोवती.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बागेत छाटणी करणारे एक म्हातारबाबा जेवत होते. सूप संपत आलं तसा त्यांनी साध्या बाटलीतली, गेल्या सालची रोजची वाइन सरळ त्या वाडग्यात ओतली, हलवली, वाडगा दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावला आणि भुरकून रिकामा केला. माझं तोंड उघडं पडलेलं पाहून यजमान हसले. "शाब्रो म्हणतात याला. करून बघा. त्यासाठी वीस वर्षं थांबायला नको."