घराचा आकडा

2 मे
राजापूरजवळ. ओटी, माजघर, पडवी, मागे गोठा. जांभ्याचे चिरे शाबूत, पण पश्चिमेची भिंत पोटातून फुगलेली. तिघे पुतणे म्हणतात घर आमचं. राहतात एकट्या काकू. थोरल्यांना विकायचंय, धाकट्यांना दुरुस्त करायचंय. मधले फोन उचलत नाहीत.

3 मे
कौलावर छाप : बासेल मिशन, 1865. काकूंच्या मते घर तेव्हाचं. ते मंगळूरच्या कारखान्याचं साल. बोललो नाही.

4 मे
सुतार माळ्यावर चढला. वाशात पटाशी खुपसली, मुठीपर्यंत आत. वाळवी. वरून पाहिलं तर लाकूड ठणठणीत. कालपर्यंत 6 लाखांत भागेल वाटत होतं. आढं बदलायचं तर कौलं उतरवा. उतरवताना किती फुटतील कोण जाणे, जुन्या मापाची मिळायची नाहीत. आणि फुगलेल्या भिंतीवर नवं छप्पर कोण चढवणार? वर पाखाडीचा रस्ता. चिरे, वाळू सगळं डोक्यावरून.

6 मे
गवंड्याचा आकडा : 16 लाख.

9 मे
जागा 11 लाख. रेडी रेकनर आणि शेजारची खरेदीखतं ताडून. दुरुस्त घर जागेसकट 20 ला जाईल, तेही कुणी हौशी मुंबईकर भेटला तर. वजा 16. उरले 4. पाडलं तर साग आणि चिऱ्यांचे, मजुरी जाऊन लाखभर. म्हणजे 12. पुन्हा मांडलं. तेच.

12 मे
थोरले : "एकच आकडा द्या." धाकटे : "एकच आकडा द्या."
वाटणीला बाजारभाव, विम्याला पुनर्बांधणीचा खर्च, भांडवली नफ्याला 1 एप्रिल 2001 ची किंमत. काय कामासाठी हवा, ते सांगायला दोघंही तयार नाहीत.

15 मे
सातबारा आला. काकांचं नाव अजून तसंच. वारस नोंद कुणी केलीच नाही. आधी हाच कागद मागायला हवा, पण लोक घर दाखवायची घाई करतात.

16 मे
अहवालात टीप घातली : काकूंच्या हिश्श्याचा उलगडा झाल्याशिवाय ही किंमत धरू नये.

18 मे
थोरल्यांना टीप नको. "तुम्ही इंजिनिअर ना? मग लाकूड बघा."

26 मे
अहवाल दिला, टिपेसकट. निम्मी फी बाकी.

4 जून
काकू तलाठ्याकडे जाऊन आल्या. सुतार आढ्याला टेकू देतोय. पैसे त्यांचे. पावती स्वतःच्या नावाने करून घेतली.