सदनिका क्रमांक ३०२

अंतरिम आदेश मिळाला की पक्षकार पेढे आणतो. मी हल्ली आधी आदेश पुन्हा वाचतो, मग पेढा घेतो. ही सवय एका सदनिकेने लावली.

माझ्या पक्षकार बाईंनी पैसे भरले होते, ताबा मिळत नव्हता आणि बिल्डर तीच जागा दुसऱ्याला विकायच्या बेतात होता. ग्राहक आयोगाकडून मनाई मिळवली : ‘सदनिका क्रमांक ३०२ कोणासही हस्तांतरित करू नये.’ दीड महिन्यात ती विकली गेली. अंमलबजावणीसाठी दरखास्त लावली, तर बिल्डरचे वकील शांतपणे म्हणाले, मंजूर नकाशात नुसती ३०२ नाहीच. ‘ब-३०२’ आहे आणि ‘क-३०२’ आहे. आदेशातले शब्द अर्जातून उतरले होते आणि अर्ज माझा होता. इमारत, मजला, चतुःसीमा, काहीच लिहिले नव्हते.

कायदा दुबळा नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यातल्या कलम ७१खाली आदेशाची अंमलबजावणी दिवाणी हुकूमनाम्यासारखी होते. आदेश मोडला तर कलम ७२खाली एक महिना ते तीन वर्षे कैद, किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. गंमत म्हणजे जुन्या कायद्यात, २००३च्या दुरुस्तीपासून २०२०पर्यंत, जप्तीच्या कलमात फक्त ‘अंतरिम आदेश’ एवढेच शब्द उरले होते. अंतिम निकाल जिंकलेला माणूस हरकतींना उत्तरे देत बसे. पुण्यातल्या एका सोसायटीच्या प्रकरणात २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिथे ‘कोणताही आदेश’ असे वाचायला सांगितले, तेव्हा तो तिढा सुटला. पण कैद मागायची तरी आदेश मोडल्याचे दाखवावे लागते. माझा आदेश नेमका कुठल्या घराचा, तिथेच वाद.

आता अर्जाला करारनाम्यातले परिशिष्ट आणि नकाशा जोडतो. काही करून घ्यायचे असेल तर ‘त्वरित’ खोडून तारीख घालतो, पूर्ततेचे प्रतिज्ञापत्रही त्याच मागणीत. प्रमाणित प्रत हातोहात बजावतो; पोचेवर सही आणि शिक्का, दोन्ही. एक प्रत दुय्यम निबंधकांकडे. तेवढ्याने नोंदणी थांबेलच असे नाही, पण नंतर ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ म्हणणे अवघड जाते.

बाईंची तक्रार आता व्याजासह परताव्यापुरती उरली आहे. घरात दुसरे कुटुंब राहते. तुमच्याकडे असा आदेश असेल, तर आज करारनामा शेजारी ठेवून घराचे वर्णन एकदा ताडून पाहा.